कुंकवाची तार

आमच्या सोलापूरच्या आसपासचा मुलूख त्या काळी असा वाटून टाकलेला होता की सकाळी सायकलवर टांग मारली तर दुपारच्या भाकरीपर्यंत तीन सरकारं ओलांडून व्हायची. एक इंग्रजांचं, एक निजामाचं, आणि मधेच कुठल्यातरी संस्थानाचं. संस्थानाच्या नाक्यावरचा शिपाई बहुधा बाजेवर झोपलेला असे. ज्वारी इकडची तिकडे जाई, मुली इकडच्या तिकडे नांदायला जात, पंचांग सगळीकडे एकच चाले. चालत नव्हतं ते फक्त माझं लायसन.

मी दहा वर्षं एका छोट्या संस्थानाच्या पॉवरहाउसात काढली होती. पॉवरहाउस म्हणजे काय, तर तेलाचं इंजिन, त्यावर चालणारा डायनामो आणि राजवाडा, बाजारपेठ, दहा-वीस बड्या घरांना जाणाऱ्या तारा. तिथं मी वायरमन झालो, मग ठेकेदार झालो, आणि दरबारनं मला लायसन दिलं. जाड कागद, वर राजचिन्ह, खाली लाखेचा तांबडा शिक्का. माझ्या बायकोनं तो देवाच्या फोटोशेजारी काच लावून टांगला होता. पुढे दरबारनं खर्च आखडला, पॉवरहाउसातली निम्मी माणसं घरी बसवली, आणि मी काचेतला कागद सोडवून घेऊन सोलापूरला सासुरवाडीच्या गावी आलो. भवानी पेठेत खोली घेतली. पेठेत दिवसभर मागांचा खटखटाट, आणि नव्या दिव्यांची हौस घरोघर लागलेली. म्हटलं, आपली सोय झाली.

लायसन मानून घ्यायला गेलो, तर कचेरीतल्या कारकुनानं तो कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत केला.

"हे परराज्याचं. इथं ग्राह्य नाही."

माझा स्वभाव मुळातच तापट. मी म्हणालो, "रावसाहेब, वीज काय जकात भरून हद्द ओलांडते? तार तीच, दिवा तोच, आणि हात बी तेच हायत माझे."

"मग तिथंच लावा की दिवे," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

त्या वाक्यानं मी वर्षभर पेटत राहिलो. वर्षभर दुसऱ्यांच्या हाताखाली राबलो. काम मी करायचं, आणि शेवटच्या कागदावर सही करायला लायसनवाला ठेकेदार टांग्यातून यायचा, पान खायचा, सही करायचा आणि जायचा. काही जण तर यायचेही नाहीत, कागद घरी पाठवला की सही होऊन परत यायची. ज्याला दोन स्विचांतला फरक सांगता आला नसता त्याची सही चालायची आणि माझी चालत नव्हती. मी रोज संध्याकाळी घरी येऊन हे बायकोला ऐकवायचो. ती बिचारी 'हं' म्हणायची.

या सगळ्यांत एक म्हातारा वेगळा निघाला. गावातले लोक त्यांना थोरले मिस्त्री म्हणत. सोलापुरात दिवे आले तेव्हापासूनचे ठेकेदार. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, शिडीवर चढवत नव्हतं. मूलबाळ नाही, घरी ते आणि त्यांची बायको. कामं मिळत ती नावावर, आणि नाव टिकून होतं ते लायसनवर. म्हातारपणी हातात काठी असते तसं त्यांचं ते लायसन. पण सही करण्याआधी हा माणूस प्रत्येक तारेला हात लावून पाहायचा. दिसत नव्हतं तर बोटांनी चाचपायचा. माझं काम त्यांनी असंच दोन-तीनदा चाचपलं आणि एक दिवस म्हणाले, "तुजं जोडकाम लई निगुतीचं हाय गड्या. आसा माणूस बिनलायसनचा ऱ्हातो म्हंजे काय? मी बोलतो साहेबाशी."

साहेब म्हणजे विजेचे इन्स्पेक्टर. पुण्याकडचे गृहस्थ, अधूनमधून सोलापूरला फेरी करत. चष्मा, बंद गळ्याचा कोट, बोलणं मोजकं. त्यांनी माझा संस्थानी कागद वाचला, मिस्त्रींचं म्हणणं ऐकलं आणि एक तोड काढली. एका घराचं संपूर्ण काम मी एकट्यानं करायचं, मिस्त्रींच्या लायसनवर आणि मिस्त्रींच्या जबाबदारीवर. साहेब स्वतः येऊन तपासतील. काम निर्दोष निघालं तर माझं लायसन इथं मानावं म्हणून ते वर शिफारस लिहितील.

"आणि दोष निघाला तर?" मी विचारलं.

"तर लायसन यांचं जाईल," मिस्त्रींकडे बोट दाखवून ते म्हणाले. "तुमचं कसं जाईल? तुमचं आहेच कुठे?"

मिस्त्री हसले. मला हसू आलं नाही. त्या माणसानं आपली काठी माझ्या हातात दिली होती, आणि माझ्या मनात मात्र एवढंच होतं की आता त्या कारकुनाला दाखवतो.

काम मिळालं ते भवानी पेठेतच, एका तेलुगू विणकराच्या घरी. पुढच्या खणात चार हातमाग, मागं राहायची जागा, सगळे मिळून सहा दिवे. घरधनी लुगडी घेऊन बाजारांच्या गावी हिंडत असे, घर आणि माग दोन्ही त्याची बायको सांभाळी. चाळिशीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलणं अर्धं तेलुगू अर्धं मराठी. मला अण्णा म्हणायची आणि दर तासाला चहा पाजायची. दिवे लागले की पावसाळी दिवसांतही मागावर धागा नीट दिसेल याचं तिला कोण अप्रूप.

मी जीव ओतून काम केलं. लाकडी पट्ट्या अशा बसवल्या की भिंतीतून उगवल्यासारख्या दिसाव्यात. प्रत्येक वळणावर कोपरा कापून जुळवला. पट्ट्यांना रोगण लावलं. कुठं एक खिळा तिरपा नाही.

आता इथं थोडं विजेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घरात दोन तारा येतात. सोलापुरात त्यातली एक विजेच्या कारखान्यातच जमिनीला बांधलेली असे. तिला आम्ही थंड म्हणायचो. दुसरी गरम. दिव्याचं बटण गरम तारेवरच असलं पाहिजे. थंड तारेवर बसवलं तरी दिवा लागतो, विझतो, सगळं दिसायला तसंच. पण बटण बंद करून दिवा विझला तरी वरच्या पितळी होल्डरच्या आत गरम तार जिवंतच असते, आणि आतली तार जरा सुटून पितळेला टेकली की ओल्या हाताचा माणूस तिथंच आटोपतो. म्हणून बोर्डावर आलेल्या दोन तारांतली गरम कोणती, हे आधी टेस्ट लँपनं पाहायचं. साधा दिवा आणि त्याला दोन वायरी. एक टोक जमिनीत पुरलेल्या तारेला लावायचं, दुसरं बोर्डावरच्या तारेला. पेटला तर ती गरम.

आमच्या संस्थानात हे लागत नसे. तिथल्या डायनामोच्या दोन्ही तारा जमिनीपासून अलग असत, त्यामुळे बटण कुठल्याही तारेवर बसवलं तरी सहसा कुणाच्या जिवावर बेतत नसे. मात्र बॅटऱ्या भरायला आणि दरबारच्या सिनेमाच्या यंत्राला अधिक-उणे उलटं होऊन चालत नसे, म्हणून पॉवरहाउसात एक रीत पडली होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते तेव्हा इंजिनवाला डायनामोच्या अधिक टोकाला कुंकू लावी आणि उणे टोकाला हळद. तीच खूण पुढे गावभर झाली. नव्या घरात तारा आणून देणारा दरबारचा माणूस बोर्डावर दोन बोटं टेकवून जाई, एक कुंकवाचं, एक हळदीचं. मागाहून आम्ही जायचो आणि कुंकवाच्या तारेवर बटणं बसवायचो. दहा वर्षं मी असंच केलं. पाहायचो, आणि हात आपोआप चालायचा.

सोलापुरात आल्यावर मी प्रत्येक घरी टेस्ट लँप लावत होतो. कारण त्या घरांतल्या बोर्डांवर कुंकू नव्हतं.

विणकराच्या घरी वीज कंपनीचा माणूस बाहेरून तारा आणून बोर्ड बसवून गेला तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. नवमीला त्या घरात माग पुजले, धोटे पुजले, आणि घरात नवी आलेली वस्तू म्हणून बोर्डही पुजला. दोन दिवसांनी मी घरातल्या तारा बोर्डाला जोडायला बसलो तेव्हा बोर्डाच्या लाकडावर उजव्या टोकाशी कुंकू होतं आणि डाव्या टोकाशी हळद. मी उजवी तार बटणांची धरली, डावी परतीची धरली, जोडलं, झाकण लावलं. टेस्ट लँप पिशवीतच राहिला. मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही.

संध्याकाळी मिस्त्री आले. बोटांनी सगळं चाचपलं, पट्ट्यांवरून हात फिरवला, खूश झाले. मग विचारलं, "बोर्डावर टेस्ट लँप लावून बगितलास न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

का म्हणालो? मला स्वतःला ते आजही नीट सांगता येत नाही. गरम तार मला ठाऊक आहे असं मला खरंच वाटत होतं, म्हणून ते खोटं आहे असं वाटलंच नाही. शिवाय एवढं सुबक काम केल्यावर पोरासारखं विचारतात याचा जरा रागही आला होता.

तपासणीच्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास मी तिथं पोचलो. माग थांबवलेले, जमीन सारवलेली, साहेबांसाठी खुर्ची आणून ठेवलेली. मिस्त्री धुतलेला फेटा बांधून ओसरीत बसले होते. घरची बाई तबक घेऊन बोर्डापाशी उभी होती आणि साहेब येणार म्हणून ताजी पूजा करत होती. तिनं झाकणावर कुंकवाचं बोट डावीकडे लावलं आणि हळदीचं उजवीकडे.

मी दारातच थबकलो.

"वैनी," मी म्हणालो, "नवमीला कुंकू उजवीकडं लावलं हुतं की."

"असंल की अण्णा," ती म्हणाली. "बोट जिकडं जातंय तिकडं लावते. देवाला डावं-उजवं काय?"

तिचं बरोबरच होतं. तिनं पूजा केली होती, खूण केली नव्हती. खूण मी माझ्या डोक्यात संस्थानातून घेऊन आलो होतो, हद्द ओलांडून, त्या जाड कागदासकट. हात तेच हायत म्हणून मी कारकुनाला सुनावलं होतं. हात तेच होते, म्हणूनच तर हे झालं होतं.

पिशवीतून टेस्ट लँप काढला आणि तोच बाहेर टांग्याची घंटा वाजली. साहेब आत आले, नमस्कार झाला, मी टेस्ट लँप पिशवीत परत कोंबला. मनात हिशेब चालू झाला. दोनांतली एक तार. जोडणी बरोबर असायची शक्यता निम्मी आहे. निम्म्यावर माणसं लग्नं ठरवतात. शिवाय साहेब प्रत्येक ठिकाणी गरम-थंड पाहतीलच असं नाही. ते गेले की मी बोर्ड उघडीन, तपासीन, उलट असलं तर दोन तारा अदलाबदल करीन. पाच मिनिटांचं काम. कुणाला कळायचंही नाही.

साहेबांनी मेगर काढला. हातानं फिरवायची दांडी असलेली ती पेटी, तारांतून वीज कुठे झिरपते का ते सांगणारी. दांडी फिरू लागली तशी माझी नजर काट्यावर खिळली. पण मेगरला गरम-थंड कळत नाही. काटा जिथं हवा तिथं गेला. साहेबांनी प्रत्येक पट्टी पाहिली, एका कोपऱ्यापाशी थांबून म्हणाले, "सुरेख." मिस्त्रींची छाती फुगली. मग कंपनीच्या माणसानं फ्यूज बसवले, एकेक बटण दाबलं आणि सहाच्या सहा दिवे भर सकाळी लागले. शेजारच्या बाया दारात गोळा झाल्या. कुणीतरी हळूच हात जोडले.

साहेबांनी बटणं बंद करवली आणि खुर्चीवर बसून कागद पुढे ओढला. दौतीत टाक बुडवला. मिस्त्री त्यांच्या मागं उभे राहून ऐकत होते, कारण वाचता येत नव्हतं, आणि टाकाची कुरकुर ऐकूनच त्यांना समाधान वाटत होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो. बोल, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि पाच मिनिटांचं काम आहे, असंही सांगत होतो.

मी आपणहून बोललो असं इथं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही.

घरची बाई तबक घेऊन पहिल्या मागापाशी गेली. बोर्डाला लावलं, दिव्याला कसं नाही लावायचं? ती मागाच्या फळीवर चढली. विझलेल्या दिव्याखाली अनवाणी, ओल्या हळदीचं बोट वर केलेलं, पितळी होल्डरकडे.

"हात लावू नका!" मी ओरडलो.

असा ओरडलो की तबक तिच्या हातून सुटलं आणि कुंकू सारवलेल्या जमिनीवर पसरलं. ती फळीवर तशीच उभी राहिली, बोट वर धरून. साहेबांचा टाक थांबला.

"का?" ते म्हणाले. "बटण बंद आहे ना?"

मला अजून एक संधी होती. ओल्या हातानं कधीच हात लावू नये म्हणून ओरडलो, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण ती बाई खाली उतरत असताना माझ्याकडे पाहत होती, आणि तिला अजून काहीच कळलं नव्हतं. मी म्हणालो, "साहेब, मी गरम तार तपासलेली नाही. उलट असायची शक्यता आहे."

साहेबांनी हात पुढे केला. मी पिशवीतून टेस्ट लँप काढून दिला. त्यांनी स्वतः एक टोक जमिनीच्या तारेला लावलं, होल्डरमधला दिवा काढला, बटण बंद आहे याची खात्री केली आणि दुसरं टोक होल्डरच्या आत टेकवलं.

टेस्ट लँप लख्ख पेटला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. आणखी दोन ओळींनी त्या कागदावर त्यांचीही सही झाली असती.

"बोर्डावरची टेस्ट कुणी केली?" त्यांनी विचारलं.

माझ्या आधी मिस्त्री बोलले. "मी करायला पायजे हुती साहेब. केली न्हाई. काम माज्या नावावर हाय."

"यांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

मिस्त्रींनी डोळे माझ्याकडे वळवले. त्या पांढरट डोळ्यांना माझा चेहरा नीट दिसत नव्हता हे मला माहीत होतं, तरी मी मान खाली घातली.

"ह्यानं काय बी सांगितलं न्हाई," मिस्त्री म्हणाले. "मी इचारलंच न्हाई."

साहेबांनी लिहिलं. काम नापास. मिस्त्रींचं लायसन तीन महिने बंद, पुढे फेरतपासणी करून पाहू. माझ्या कागदाबद्दल एकच ओळ, परराज्याचा परवाना इथं मानता येत नाही. मग खाली आणखी एक ओळ घातली, की उमेदवारीची वर्षं माफ करून या इसमास इथल्या परीक्षेला बसू द्यावं. उठताना मला म्हणाले, "शेवटी बोललात म्हणून ही ओळ. पण उशिरा बोललात." त्यांच्यादेखत मी बोर्ड उघडून दोन तारा अदलाबदल केल्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. घरच्या बाईनं तेवढ्या वेळात जमिनीवरचं कुंकू भरून घेतलं, आणि मी निघालो तेव्हा मला नेहमीसारखा चहा विचारला. तो मला घेववला नाही.

मिस्त्री आणि मी पेठेतून चालत निघालो. मागांचा खटखटाट पुन्हा सुरू झाला होता. मला वाटत होतं, यांनी मला शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, काहीतरी करावं. ते काठीनं वाट चाचपत चालत राहिले. कोपऱ्यावरच्या हॉटेलापाशी थांबले.

"आता मला बी लायसन न्हाई, तुला बी न्हाई," ते म्हणाले. "दोगं सारकेच. चल, च्या पिऊ."

बाकावर बसलो. मी म्हणालो, "मिस्त्री, तुमी साहेबाला सांगायला पायजे हुतं. मी तुमाला खोटं बोललो हुतो."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायला. मग म्हणाले, "चुकलास, त्याचं काय न्हाई. चुका मी बी लई केल्यात. पर मला दिसत न्हाई गड्या. मी तुज्या डोळ्यानं बगतो. तू मला 'व्हय' म्हणालास, त्येचं वाईट वाटलं."

मी त्या बाकावर मोठ्यानं रडलो. हॉटेलवाला पाहत होता, त्याचीही लाज वाटली नाही.

ते तीन महिने त्यांना जड गेले. जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्यांकडे वळली, आणि त्यांतली काही परत आलीच नाहीत. हे मी केलं होतं. पुढे मी परीक्षा दिली आणि पास झालो. इथलं लायसन आलं, साधा पातळ कागद, वर ना राजचिन्ह ना लाख. बायकोनं काच विचारली, मी नको म्हणालो. जुना कागद मी ट्रंकेत ठेवून दिला, फाडला मात्र नाही. तो चुकीचा नव्हता. तो फक्त दुसऱ्या गावच्या तारांचा होता.

माझ्या नावावरचं पहिलं काम पेठेतच होतं. सही करायच्या दिवशी मी मिस्त्रींना बोलावून आणलं. त्यांनी पट्ट्यांवरून बोटं फिरवली, कोपरे चाचपले, आणि बोर्डापाशी येऊन थांबले. त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं, कारण मी दोनदा तपासलं होतं. पण मी 'व्हय' म्हणालो नाही. टेस्ट लँपचं एक टोक जमिनीच्या तारेला बांधलं, दुसरं त्यांच्या हातात दिलं आणि त्यांचा हात धरून बोर्डावरच्या तारेपर्यंत नेला.

दिवा पेटला. त्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला, आणि तो तेवढा त्यांना दिसला.

"व्हय," ते म्हणाले. "आता कर सही."